शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक

"आई, तुमचं पेट्रोल दुप्पट आहे," जावई लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले.

"कशाच्या दुप्पट?"

"सरासरीच्या."

ही सरासरी आठ दिवसांपासून आमच्या घरी मुक्कामाला होती. लहानपणी मला चुलतबहिणीशी ताडून बघायचे, लग्नानंतर मोठ्या जावेशी, आणि आता या वयात सरासरीशी. चुलतबहीण निदान डोळ्यांना दिसायची. जावेशी भांडता तरी यायचं. या बाईचा ठाव नाही, ठिकाणा नाही, पण हिला पेट्रोल कमी लागतं, हिचे ब्रेक टिकतात, हिचे विद्यार्थी वीस धड्यांत पास होतात. इतकी गुणाची बाई मी तरी जन्मात पाहिली नाही.

आमची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाडी, रस्त्यालगतची एक खोली आणि आम्ही दोघं नवराबायको. गाडीचं वय संपत आलं होतं. अमुक वर्षांपेक्षा जुनी गाडी शिकवायला वापरता येत नाही असा नियम आहे, आणि आमच्याकडे त्यातला एकच महिना उरला होता. नवी गाडी घ्यायची, नाहीतर शटर ओढायचं. कर्जासाठी बँकेत गेलो, तर तिथल्या साहेबांनी एक तक्ता हातात दिला. तुमच्या धंद्याची सरासरी यात आहे, तुमचे आकडे शेजारी भरा, आणि जिथं फरक असेल तिथं कारण लिहा, म्हणाले. कुठल्याशा संघटनेनं शेकडो ड्रायव्हिंग स्कूलांचे हिशेब गोळा करून ती सरासरी काढली होती. आमचे जावई कंपन्यांचे हिशेब तपासतात, म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनीही ते मनावर घेतलं. नको इतकं घेतलं.

"भाडं शून्य, ते छान आहे. जाहिरात शून्य, तेही ठीक. पण एका विद्यार्थ्यामागे धडे बघा. सरासरी वीस, तुमचे जवळजवळ चाळीस. पैसे मात्र विसांचेच घेता."

"सर कच्च्या माणसाला परीक्षेला पाठवत नाहीत," मी म्हटलं.

सर म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना सरच म्हणतात. ऑफिसात मीही म्हणायला लागले आणि मग घरीही तेच तोंडात बसलं. सर त्या वेळी शेजारीच बसून चहाची वाट बघत होते.

"सरासरीचं मला सांगू नका," ते म्हणाले. "त्या सरासरीतली निम्मी माणसं खांबाला गाडी ठोकतात." आणि जोरात हात हलवायला गेले तर बाजूचा पाण्याचा पेला त्यांच्या हातानं उडाला. पाणी थेट लॅपटॉपच्या वायरीपर्यंत.

"अहो, बघून," मी फडकं आणायला धावले. असे किती पेले झाले होते देव जाणे. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. हात चालू झाले की यांना आजूबाजूचं भान राहत नाही, असं मी धरून चालले होते.

जावयांनी वायर पुसली आणि पुढं म्हणाले, "पेट्रोलचं एक वेळ धड्यांमुळे म्हणता येईल. पण ब्रेक? ब्रेकचे लायनर तिप्पट बदललेत. धडे दुप्पट आणि लायनर तिप्पट, हे बसत नाही. बँकवाले हेच बोट ठेवून विचारणार. शुक्रवारपर्यंत कारण द्यायचंय."

मला कारण सांगायला शुक्रवार लागणार नव्हता. "मिस्त्री," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज गाठलं. मिस्त्री आमची गाडी पहिल्यापासून बघतो. आधी मी गोडीनं विचारलं, की बाबा रे, लायनर एवढ्या लवकर कसे जातात. तो म्हणाला, झिजतात म्हणून जातात. मग मी सरासरीचा विषय काढला. सरासरी म्हटल्याबरोबर तो गाडीखालून बाहेर आला.

"म्हणजे मी चांगले लायनर काढून वाईट घालतो, असंच ना?"

"असं मी म्हटलं का?"

"मग काय म्हटलंत वहिनी? लायनर काय मी भाजून खातो?" त्यानं कोपऱ्यातल्या डब्यातून झिजलेले लायनर काढले आणि एकेक माझ्यापुढं आपटले. "हा तुमचा. हाही तुमचा. पत्रा लागायला आला तेव्हा बदललाय. सरांना मी गुरू मानतो, माझ्या बायकोला त्यांनी शिकवलं, म्हणून मजुरीही अर्धी घेतो. ती अर्धी मजुरी तुमच्या सरासरीत कुठं दिसली का? यापुढं गाडी दुसरीकडे न्या."

झालं. कारण मिळालं नाही ते नाहीच, वर अर्ध्या मजुरीचा मिस्त्रीही गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येईपर्यंत मी त्याच्यावर चिडले होते, जावयांवर चिडले होते, आणि त्या बँकेच्या साहेबावर तर विचारूच नका. सर ऑफिसात फळ्यावर चौकाचं चित्र काढून कुणाला तरी डावं-उजवं समजावत बसले होते. त्यांना काही पडलेलंच नव्हतं, असं मला वाटलं आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडले.

चिडले की मी काहीतरी घासायला घेते. भांडी घासून झालेली होती, म्हणून गाडीतल्या पायपुसण्या बाहेर काढल्या. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी शिक्षकाच्या पायाशी, अडीनडीला दाबायला. पायपुसणी ओढताना माझं डोकं खाली गेलं आणि तो शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक डोळ्यांसमोर आला. त्याचं रबर गुळगुळीत झालं होतं. एका कडेला तर फाटून खालचं लोखंड चमकत होतं. मी पलीकडे जाऊन विद्यार्थ्याच्या बाजूचा ब्रेक बघितला. त्यावरच्या रेषा न् रेषा शाबूत होत्या. दोन्ही रबरं दोनेक वर्षांपूर्वी एकदमच नवी बसवली होती, आणि हे अजून तसंच होतं.

मी तिथंच पायपुसणी हातात धरून उभी राहिले. तेव्हापासून एवढी माणसं इथं शिकून गेली आणि त्यातल्या कुणी ब्रेक दाबलाच नव्हता. सगळे ब्रेक सरांनी दाबले होते.

मला वाटलं, झालं, लागलं कारण हाताला. हे असं करतात तर. मी गाडी चालवायला बसले तरी हे शेजारी बसून तेच करायचे. मी ब्रेकचा विचार करेपर्यंत गाडी थांबलेली असायची. त्याला वैतागूनच यांच्याबरोबर गाडी चालवायची नाही असं मी ठरवलं होतं. नियमाला दुसरा शिक्षक लागतो म्हणून मीही परीक्षा देऊन शिक्षकाचं लायसन्स काढलं होतं, दरवेळी नवं करून ठेवलं होतं, पण ते नुसतं भिंतीवर. मी फोन घ्यायचा, पावत्या फाडायच्या, आणि शिकवायचं सरांनी. आता मात्र मी ठरवलं, की मागच्या सीटवर बसायचं आणि रंगेहाथ पकडायचं. चांगलं भांडायचंच ठरवलं होतं मी. खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडी मजाही वाटत होती.

त्या दिवशी दुपारी पार्लरवालीचा धडा होता. बाजारामागं तिचं ब्यूटी पार्लर आहे. घरोघरी जाऊन नवऱ्यामुलींना नटवायचं काम तिला घ्यायचं होतं, त्यासाठी गाडी यायला हवी होती. तिचे पैशाचे धडे कधीच संपले होते. ती फुकटात येत होती आणि दरवेळी सर म्हणत होते, अजून तयारी नाही.

"काकू, तुम्हीपण शिकताय का?" मी मागं बसल्यावर तिनं विचारलं.

"तपासणी आलीय आमची," सर म्हणाले. त्यांना आवडलं नव्हतं. "पुढं बघ. बेल्ट. आरसा. चल."

ती छान चालवत होती. गिअर अलगद टाकत होती, वळण घेताना घाई करत नव्हती. मला कळेना, हिची कसली तयारी राहिलीय. एवढ्यात गाडीला धक्का बसला आणि माझं नाक पुढच्या सीटला लागलं.

"काय झालं सर?"

"माणूस होता समोर. लक्ष कुठंय तुझं?"

मी बघितलं. एका दुकानदारानं फुटपाथवर पाटी उभी केली होती. माणूस बिणूस काही नव्हता. मी तोंड उघडणार होते, पण म्हटलं अजून थोडं बघू. पुढच्या गल्लीत झाडाची सावली आडवी पडली होती, तिथंही गाडी थांबली. मग उभ्या असलेल्या ट्रकपाशी. मग कशापाशीच नाही. दरवेळी पार्लरवाली दोन्ही पाय उचलून घ्यायची, आपण लादी पुसायला कुणी आलं की घेतो तसे. इतक्या दिवसांत तिला सवय लागली होती, की थांबायचं काम सरांचं.

माझा राग जरा खाली बसायला लागला, कारण मला काहीतरी वेगळंच दिसत होतं. सर चिडून ब्रेक दाबत नव्हते. शिकवण्यासाठीही दाबत नव्हते. त्यांच्या मानेवर घाम होता. दर थोड्या वेळानं ते पूर्ण मान वळवून एका बाजूला बघत, मग दुसऱ्या बाजूला, आणि तरी त्यांचा हात दाराच्या कडीला घट्ट धरलेला. एवढी वर्षं शिकवणारा माणूस पहिल्या धड्याला आलेल्या माणसासारखा बसला होता.

शाळेमागच्या अरुंद रस्त्याला आलो. सर समोर बघत होते. त्यांच्या बाजूच्या बोळातून एक सायकलवाला मागं पाण्याचे जार बांधून सुसाट बाहेर आला. मला तो मागच्या सीटवरून दिसला. सरांनी हात लांब केला असता तर त्याला लागला असता, पण सर समोरच बघत राहिले. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि गाडी थांबली. बंदच पडली. सायकलवाला बॉनेटला चाटून गेला, आम्हाला दोन शिव्या दिल्या आणि जार सावरत निघून गेला.

"बघितलंस?" सर म्हणाले. "याच्यासाठी म्हणतो, तयारी नाही. मी दाबला नसता तर आज काय झालं असतं?"

"सर," पार्लरवाली म्हणाली, "मी दाबला."

"अगं, तू कसला दाबतेस. मी दाबला."

"नाही सर. मीच दाबला."

मी पुढं वाकून बघितलं. सरांचे दोन्ही पाय सीटखाली मागं दुमडलेले होते. त्यांना तो सायकलवाला दिसलाच नव्हता. गाडी थांबली म्हणजे आपणच थांबवली असणार, असं ते धरून चालले होते.

"तिनं दाबला," मी म्हटलं. "आणि चांगला दाबला."

सरांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला तशी पार्लरवालीनं गाडी सुरू केली आणि न सांगता कडेला नीट लावली.

"सर, मग आता मी परीक्षेला बसू?" तिनं घाबरत विचारलं.

"बस," सर म्हणाले. "उद्याच फॉर्म भर. यायला लागलंय तुला. कधीचंच येत असेल."

तिला इतका आनंद झाला, की ती तिथंच उतरली. पार्लर इथून जवळ आहे, चालत जाते म्हणाली, आणि चालता चालता बहिणीला फोन लावला. आम्ही दोघं गाडीत उरलो. ते पुढं, मी मागं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मी काय दूधखुळी आहे?"

"दोनेक वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "समोरचं दिसतं. वाचताही येतं. बाजूचं जातं. कडेनं पडदा सरकत आल्यासारखं होतं."

"आणि दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणता तो? सगळं ठीक आहे म्हणून?"

"तो समोरची अक्षरं वाचायला लावतो फक्त. आणि आपण एवढ्या विद्यार्थ्यांना त्याच्याकडे नेतो. त्याच्या भिंतीवरची अक्षरं मला पाठ आहेत. खालून वर म्हणून दाखवू?"

मी कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि त्या दोन्हींच्या वर राग होता. "मला सांगायचं नाही? मी कोण आहे तुमची, शेजारीण?"

"सांगितलं असतं तर तू क्लास बंद केला असतास."

"केलाच असता. कुणाच्या अंगावर गेली असती म्हणजे? त्या पोरीच्या हातून माणूस गेला असता म्हणजे? ती जन्मभर म्हणाली असती, मी मारला. तुम्ही सुटला असता, ती सुटली नसती."

"म्हणून तर दाबत होतो ना," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "दिसत नसेल तर थांबायचं. जन्मभर हेच शिकवलं मी. जिथं दिसेना तिथं थांबत होतो. शंका आली की थांबत होतो. तुला वाटलं मला पेट्रोलचं कळत नाही? लायनरचं कळत नाही? मिस्त्रीला तू काय बोललीस ते त्यानं फोन करून सांगितलं मला. लाज वाटली मला त्या माणसापुढं."

"मग एकदाच थांबायचं होतं," मी म्हटलं. "पूर्ण."

मी फार बोलले असं मला वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. दोन वर्षं या माणसानं ते एकट्यानं सोसलं होतं, आणि मी पेले मोजत होते. याचं मला फार वाईट वाटत होतं. पण त्या सायकलवाल्याची पाठ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

माझा फोन वाजला. जावई होते.

"आई, तक्ता पूर्ण केलाय. फक्त ब्रेकचा रकाना राहिलाय. मी लिहू का, रस्ते खराब आहेत म्हणून? चालून जाईल. किंवा सुटे भाग हलके मिळाले असं लिहितो."

गाडीत आवाज स्वच्छ ऐकू येत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, रस्ते खराब लिहा आणि मोकळे व्हा, असं एक क्षण माझ्याही मनात आलं. कर्ज मिळालं असतं. नवी गाडी आली असती. सरांनी हात मागं केला. मी त्यांच्या हातात फोन दिला.

"हं, जावईबापू," ते म्हणाले. त्यांचा वर्गातला आवाज परत आला होता. "रस्त्यांना दोष देऊ नका. मिस्त्रीचंही नाव नको, त्याचं काम चोख आहे. लिहा. कारण, शिक्षक. शिक्षक बदलत आहोत. पुढच्या महिन्यापासून आकडे सरासरीला येतील."

पलीकडून जावई म्हणाले, "बाबा, शिक्षक म्हणजे तुम्हीच ना?"

"दुसरं कोण आहे? नव्या शिक्षकाचं लायसन्स भिंतीवर आहे, त्याचा फोटो काढून जोडा." आणि त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला. बंद कुठं करायचा ते बघत बसले नाहीत, मीच बंद केला.

मला त्यांना नाही म्हणायचं होतं. मला येणार नाही, माझं कोण ऐकणार, विद्यार्थी पळून जातील, हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्या माणसानं आत्ता जे केलं होतं, त्याच्यावर असली कुरकुर करणं शोभलं नसतं. मी उतरले आणि चालवायच्या जागी येऊन बसले. सीट पुढं ओढली. सर आपल्या जागी तसेच बसून होते.

"तुम्ही मागं बसा," मी म्हटलं.

"का?"

"पुढं बसलात तर दाबाल."

ते उतरले. गाडीच्या कडेकडेनं हात फिरवत मागच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि आत बसले. एवढी वर्षं ही गाडी त्यांनी चालवली, धुतली, ढकलली, पण मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. हजारो माणसांना बेल्ट लावा म्हणून ओरडलेला माणूस आता दोन्ही बाजूंना चाचपडत होता.

"बक्कल कुठंय गं याचं?"

ते सीटच्या फटीत गेलं होतं. मघाशी मला सापडायलाही वेळ लागला होता. मागं वळून मी ते सहज लावून दिलं असतं. पण मी वळले नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. बऱ्याच वेळानं खट्ट असा आवाज आला.

"आरसा," मागून सर म्हणाले.

मी आरसा माझ्याजोगा फिरवला. त्यात मागचा रस्ता दिसायला हवा होता. पण ते मधोमध बसले होते, ताठ, आणि आरसाभर तेच दिसत होते. जरा बाजूला सरका, असं म्हणायला हवं होतं. माझ्यानं म्हणवेना. मी बाजूच्या आरशांत बघून गाडी बाहेर काढली.